गावातून शहरात गेल्यामुळेच शुगर वाढते, हे संशोधक ठरवतात कसं?

शहरात आलेल्यांना शुगर-बीपी जास्त दिसतं ते शहरामुळे, की मुळात वेगळीच माणसं शहरात येतात म्हणून, असं तुम्ही विचारलंय. खरी मेख तिथेच आहे. मी आरोग्य सर्वेक्षणांत काम करतो, त्या अनुभवावरून सांगतो.

गाव सोडणारा बहुधा धडधाकट, चार यत्ता जास्त शिकलेला असतो. त्याला गावातल्या कुणाही शेजारी उभं करून तुलना केली तर ती फसणारच. यावर आपल्याकडे 'इंडियन मायग्रेशन स्टडी'ने छान तोड काढली. २००५ ते २००७ या काळात लखनौ, नागपूर, हैदराबाद आणि बंगळूरच्या कारखान्यांतले गावाकडून आलेले कामगार आणि त्यांचे जोडीदार घेतले, आणि त्यांची गावातच राहिलेली सख्खी भावंडं गाठली. आईबाप एकच, लहानपणीचं ताटही बरंचसं एकच. वयाचा फरक हिशेबात धरून पुरुषांमधलं मधुमेहाचं प्रमाण निघालं गावच्या भावंडांत ६.२ टक्के, शहरात आलेल्यांत १४.३ आणि मूळच्या शहरी लोकांत १३.५. म्हणजे आलेला माणूस शहरवाल्याच्याही किंचित पुढेच! पुरुषांमधलाच लठ्ठपणा (इथे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, २५च्या वर) याच क्रमाने १९, ३७.८ आणि ४१.९ टक्के.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. अंगावरची चरबी शहरात आल्यावर पहिल्या दहाएक वर्षांतच झपाट्याने वाढते, रक्तदाब मात्र हळूहळू चढतो. त्यामुळे नोकरीला लागून पाच वर्षं झालेल्या तरुणाचं बीपी नॉर्मल आलं म्हणून निश्चिंत होण्यात अर्थ नाही. आधी कंबर मोजा.

आकडे दिसतात तितके सहज हाती येत नाहीत. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेले काका छातीठोकपणे सांगतात, "काही खाल्लं नाही, नुसता चहा घेतला." साखरेचाच असतो तो. मग उद्या परत या. तेलाचं विचारावं तर गावची बाई महिन्याला घरात किती किलो लागतं ते चटकन सांगते. कॅन्टीनमध्ये जेवणाऱ्या तिच्या दिराला स्वतःच्या पोटात किती जातं याचा पत्ताच नसतो.

आता, भावंडं घेतली म्हणून सगळं सुटत नाही. दोघा भावांतला नेमका हाच का गेला, हे उरतंच. शिवाय ही सगळी कारखान्यातल्या कामगारांची घरं. बीडचे ऊसतोड कामगार यात कुठेच बसत नाहीत. ते दसरा-दिवाळीला गाव सोडतात, हंगामभर उसाच्या फडाजवळ (तोडणीच्या शेताजवळ) कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत राहतात आणि पावसाळ्याआधी परततात. त्यांचे प्रश्नही निराळे: पाणी, बाळंतपण, अंगावर काढलेली दुखणी. तिथल्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न इतका गाजला की २०१९मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. या लोकांचा अभ्यास करायचा तर आधी मुकादमाकडून, म्हणजे मजूर जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, त्याच्या टोळीची यादी मिळवावी लागते, आणि मग तीच माणसं हंगामात फडावर आणि नंतर गावात, अशी दोनदा गाठावी लागतात.