शाळेच्या इमारतीचं बाहेरचं थ्रीडी रेंडर (संगणकावर बनवलेलं चित्र) खरं वाटावं म्हणून काय करावं?

आधी ऊन नीट बसवा. समजा शाळा पुण्यात आहे; पुण्याचा अक्षांश सुमारे १८.५ अंश. २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर असतो; २१ जूनला जवळजवळ डोक्यावर, तोही किंचित उत्तरेकडे. त्यामुळे छज्ज्यांची सावली पूर्ण बदलते. ब्लेंडर, स्केचअप या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये ठिकाण, तारीख, वेळ देता येते, ती द्याच. मी सकाळची वेळ धरतो, मुलं फाटकातून आत येतात तेव्हाची.

कॅमेरा आकाशात नको. जमिनीपासून मीटरभर उंचीवर ठेवून बघा, पहिलीतल्या मुलाला त्या पायऱ्या केवढ्या वाटतील ते लगेच कळतं. एवढ्या एका दृश्यावरून प्रवेशद्वाराची उंची बदलावीशी वाटू शकते.

आणि मेपलची परदेशी झाडं चित्रातून कृपया काढा! कडुनिंब, मातीचं मैदान, पाण्याचे नळ दाखवा.