वाचकांचे प्रश्न : हातावरचे चट्टे

प्रश्न : वय ४८, घरची शेती. कोपरापासून मनगटापर्यंत लाल, खरखरीत चट्टे उठतात. रात्रभर खाज, खाजवलं की लस येते. आता मानेवर आणि पापण्यांवरही आलंय. डॉक्टर म्हणाले, गाजरगवताची अ‍ॅलर्जी दिसतेय. पण हे गवत मी वीस वर्षं हातानं उपटतेय, कधी काही झालं नाही. घरचे म्हणतात, अंगातली उष्णता आहे.
– वाचक, दौंड तालुका

उत्तर : ताई, वीस वर्षं काही झालं नाही म्हणून डॉक्टरांचं निदान चुकीचं ठरत नाही. ही अ‍ॅलर्जी अशीच होते. गाजरगवताच्या, म्हणजे काँग्रेस गवताच्या, पानाखोडावर बारीक लव असते आणि तिच्यात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. शरीर ते वर्षानुवर्षं सोसतं, मग कधीतरी त्याला परकं म्हणून ओळखायला लागतं. एकदा ओळख पटली की ती सहसा पुसली जात नाही. त्यानंतर जरासा संपर्कही पुरतो, आणि चट्टे लगेच नाही, एक ते तीन दिवसांनी उठतात. त्यामुळे सोमवारच्या खुरपणीचा त्रास बुधवारी होतो आणि दोष बुधवारच्या जेवणाला जातो.

तुमच्या पत्रातली पापण्यांची गोष्ट महत्त्वाची आहे. नुसत्या उन्हाचा त्रास असता तर वरच्या पापण्या, हनुवटीखालचा भाग, कानामागची जागा आणि कोपराची आतली घडी बहुधा सुटली असती, कारण तिथे सावली असते. वाळलेल्या गवताची भुकटी हवेतून येते आणि नेमकी या घड्यांमध्येच बसते. आरशात हे भाग नीट पाहून घ्या आणि डॉक्टरांना सांगा. खात्री हवी असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट होते : पाठीवर पट्ट्या लावतात, ४८ तासांनी काढतात, तेव्हा एकदा आणि पुढे एकदोन दिवसांनी पुन्हा बघतात. उष्णतेसाठी किंवा रक्तशुद्धीसाठी काढे घेऊन यात काही साधत नाही.

लस येतेय तोवर अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ घालून त्यात सुती फडकं भिजवा आणि चट्ट्यांवर १०-१५ मिनिटं ठेवा, दिवसातून तीनचार वेळा. लिंबू, कच्चं डेटॉल, टूथपेस्ट काहीही लावू नका. लस थांबली की आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच साधी व्हॅसलिन लावा. स्टेरॉइडची ट्यूब डॉक्टरांनी दिली तर माप असं : तर्जनीच्या टोकाच्या पेराएवढं मलम म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, ते दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. बायका भीतीनं त्याच्या पावभागही लावत नाहीत आणि मग औषध लागू पडत नाही म्हणतात. हातावरची ट्यूब पापण्यांवर मात्र लावायची नाही. तिथली कातडी फार पातळ असते, तिथलं औषध वेगळं मागून घ्या.

गावात एका इंजेक्शननं चार दिवसांत आराम पडतो. त्यात बहुधा स्टेरॉइडच असतं, आणि असर ओसरला की चट्टे जोमानं परततात. वारंवार उठत असेल तर तज्ज्ञ अझाथायोप्रिनसारखी गोळी देतात, तीही ठरावीक काळानं रक्त तपासूनच.

हे गवत आता तुम्ही उपटू नका. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी फुलोऱ्याआधी, जमीन ओली असताना, रबरी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून मुळासकट काढावं. वाळलेल्या गवताचा धूर आणि भुकटी दोन्हीपासून लांब राहा. शेतातून आलात की आधी आंघोळ, मग चूल. ते कपडे वेगळे धुवा. शेवंती आणि सूर्यफूल याच कुळातली, त्यांनीही त्रास होऊ शकतो.

प्रश्न : मुलाच्या हातावर गोल चट्टा आहे, कडा लाल, मध्ये स्वच्छ. मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबनं आठवड्यात गेला, आता चार चट्टे आहेत.

उत्तर : हा बहुधा नायटा आहे. ट्यूबवरची नावं वाचा. त्यात क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असेल तर तेच कारण. स्टेरॉइडनं खाज आणि लाली दबते, बुरशी मात्र आतल्या आत पसरत राहते. ट्यूब बंद करा. चट्टे काही दिवस जास्त भडकतील, घाबरू नका. कातडी खरवडून बुरशीची तपासणी करून घ्या. नुसतं बुरशीनाशक मलम डॉक्टर सांगतील तसं, कडेच्या दोन सेंटिमीटर बाहेरपर्यंत लावा आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे चालू ठेवा. टॉवेल वेगळा. घरात आणखी कुणाला असेल तर त्याचाही उपचार सोबतच व्हायला हवा, नाहीतर तो पुन्हा मुलाकडे येतो.

प्रश्न : पावसाळ्यात सकाळी उठल्यावर दंडावर भाजल्यासारखी लांब रेघ दिसते. नागीण आहे का?

उत्तर : रेघ असेल तर आधी किड्याचा संशय घ्या. दिव्यावर येणारा, मुंगीएवढा, नारिंगी-काळा लांबट किडा चिरडला की त्याच्या अंगातला रस कातडी जाळतो. तो चावत नाही. कोपराच्या घडीत चिरडला तर समोरासमोर दोन सारखे डाग उठतात, हीच खूण. किडा अंगावर दिसला तर फुंकर मारून उडवा आणि ती जागा साबणपाण्यानं धुवा. हा त्रास एकाचा दुसऱ्याला होत नाही. हात न धुता डोळे चोळले आणि डोळा सुजला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.