परदेशातून थेट घाऊक मोबाईल मागवले तर किती सुटतात?

फोंड्यात तुमचं मोबाईलचं दुकान आहे, चीनमधल्या शेंझेनचा सप्लायर नगामागे हजार-बाराशे स्वस्त देतोय, तर थेट आयात करावी का आणि सप्लायर खरा की खोटा कसं ओळखावं, असं विचारलंय तुम्ही. माझं उत्तर: करू नका. म्हापशात सोळा वर्षं काउंटरवर बसलोय आणि यात माझे चार लाख सहा हजार गेलेत, म्हणून एवढं तोंड वर करून सांगतोय.

2022 ची चवथ. मेव्हणा दुबईत असतो. तो गणपतीला आला तोच तीन स्मार्टफोन घेऊन, शेंझेनच्या एका कंपनीचे नमुने. "भावोजी, तुम्ही डिस्ट्रिब्युटरला फुकट पोसताय." भाव 55 डॉलर, कमीत कमी 300 नग, 30 टक्के आगाऊ, बाकीचे माल निघायच्या आधी. फोन हातात छान बसत होते, कॅमेरा बरा, बॅटरी दिवसभर टिकली. सासुरवाडीला गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली बसून हिशेब झाला आणि आठ दिवसांत मी बँकेतून 4,950 डॉलर टीटी केले, म्हणजे थेट सप्लायरच्या खात्यात पाठवले. हो, काहीही न तपासता. नमुना बघितला म्हणजे तपासलं, असं वाटायचं तेव्हा.

मग नियम आला: 1 जानेवारी 2023 पासून प्रत्येक फोनचा आयएमईआय, म्हणजे त्या एकाच फोनचा पंधरा आकडी ओळख नंबर, सरकारी पोर्टलवर नोंदवायचा, आणि बाहेरून आणणार असाल तर आयातीच्या आधीच. मुंबईच्या क्लिअरिंग एजंटने, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवून देणाऱ्याने, लगेच आयएमईआयची यादी आणि बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, रजिस्ट्रेशन मागितलं. सप्लायरने आर-नंबरवालं (तोच रजिस्ट्रेशनचा नंबर) झकास सर्टिफिकेट धाडलं. बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो नंबर टाकला, तर दुसऱ्याच कंपनीची पॉवर बँक निघाली.

त्या रात्री शटर अर्धं ओढून तिन्ही नमुने पुढ्यात घेतले. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबलं की आयएमईआय दिसतो. पंधरा आकडे बिलबुकाच्या मागच्या पानावर उतरवले. पहिला फोन, दुसरा फोन, तिसरा. पहिला आणि तिसरा सारखेच. वाटलं, मीच चुकून एकच फोन दोनदा घेतला. पाठीवर पेनाने एक-दोन-तीन लिहून पुन्हा दाबलं. तेच.

मेव्हण्याला फोन लावला. तो म्हणाला, "भावोजी, कोण पळयता तें?"

कोण बघतं? म्हापशात एका गिऱ्हाईकाचा फोन शुक्रवारच्या बाजारात चोरीला गेला आणि त्याने तो ब्लॉक केला, की दुसऱ्या गिऱ्हाईकाच्या खिशातला चालू फोन मेला. तो माझ्याच काउंटरवर येणार, दुबईला नाही जाणार. मी उरलेले 70 टक्के पाठवले नाहीत. सप्लायरने चार दिवस गोड मेसेज केले, मग गप्प. वर बँकेचा वेगळाच तगादा: पैसे बाहेर गेले, बिल ऑफ एन्ट्री (माल आल्याचा कस्टम्सचा कागद) कुठे?

तेव्हापासून सासुरवाडीत एकच पालुपद, 'जावई घाबरले म्हणून पैसे बुडाले.' आता आकडेच मांडतो. बाकीचे 11,550 डॉलर म्हणजे तेव्हाचे साडेनऊ लाख. ते पाठवले असते तर माल मुंबईला उतरला असता आणि तिथेच अडकला असता. बीआयएस रजिस्ट्रेशन नसलेला माल स्वखर्चाने परत पाठवावा लागतो, नाहीतर कस्टम्स तो मोडतोड करून भंगारात काढतं. वर गोदामाचं भाडं. म्हणजे चार लाखांऐवजी साडेतेरा लाख गेले असते. घाबरण्याने साडेनऊ लाख वाचले, हे कुणी तरी मेव्हण्याला फळ्यावर लिहून दाखवा.

तुमच्या मार्जिनचं. आज 15 टक्के ड्युटी, तिच्यावर सरचार्ज, मिळून 16.5. त्यावर 18 टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. 100 चा फोन 137 रुपये 47 पैशांना पडतो, आणि भाडं-विमा त्या 100 मध्ये धरलेलं आहे. एजंट आणि फोंड्यापर्यंतची गाडी वेगळी. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, पण जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (छोट्या दुकानदारांची, ठरावीक दराची) असाल तर तेही नाही. वॉरंटीचा फोन आला की तुम्हीच सर्व्हिस सेंटर. आणि स्पर्धा कुणाशी? सरकारच सांगतं की देशात विकले जाणारे 99 टक्क्यांहून जास्त फोन इथेच बनतात. तुमचे हजार-बाराशे या हिशेबात कुठे उरतात ते बघा.

सप्लायर ओळखायचं म्हणाल तर आर-नंबर अ‍ॅपवर टाका. त्यात ब्रँड, मॉडेल आणि कारखान्याचा पत्ता, तिन्ही जुळले पाहिजेत. रजिस्ट्रेशन कारखान्यागणिक वेगळं असतं. नमुने किमान पाच घ्या आणि पाचहींवर तो स्टार-हॅशचा नंबर डायल करा. आगाऊ पैसे त्यानंतर.

एक राहिलं. आयात म्हणजे सगळंच वाईट, असं नाही. मी स्वतः कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास बाहेरून मागवतो, नीट चाललंय. चार्जर आणि पॉवर बँकेला मात्र बीआयएस लागतंच, त्या मोहात पडू नका. आणि 5,000 नग घ्यायची, स्वतःच्या ब्रँडचं रजिस्ट्रेशन करायची ताकद असेल तर तुमचं गणित वेगळं. पण मग तुम्ही इथे विचारत बसला नसता.

मेव्हणा यंदा चवथीला येतोय. तिन्ही फोन गल्ल्याखालच्या खणात चार्ज करून ठेवलेत, पाठीवरचे आकडे अजून पुसलेले नाहीत.