जुळी आहेत, गर्भारपण जोखमीचं सांगितलंय. श्रद्धेनं आणि कृतज्ञतेनं तयारी कशी करू?

ताई, आधी अभिनंदन! पहिलं काम म्हणजे वार (बाळाला पोषण देणारी नाळेची गादी, प्लासेंटा) एकच आहे की दोन, हे डॉक्टरांना विचारून घ्या. जोखीम बरीचशी त्यावर ठरते. एकच वार असेल तर एका बाळाकडे रक्त जास्त आणि दुसऱ्याकडे कमी जाण्याचा धोका असतो, म्हणून सोळाव्या आठवड्यापासून साधारण दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी करतात. ती चुकवू नका.

निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवड्यांच्या आत जन्मतात. म्हणून नवजात अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालयच निवडा आणि बॅग सातव्या महिन्यातच भरून ठेवा. कमी दिवसांत प्रसूतीची चिन्हं दिसली तर बाळांच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन देतात, त्याला घाबरू नका. रक्तस्राव, पाणी जाणं, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बाळांची हालचाल मंदावणं, यांतलं काहीही झालं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. महाराष्ट्रात १०८ ला फोन करा.

उपवास मात्र सोडा. संकष्टीला अथर्वशीर्ष म्हणा, पण वेळेवर जेवून! देव उपाशी आईकडून काही मागत नाही, असं मी मनापासून मानते. डोहाळजेवण बसूनच, थोडक्यात करा. माझ्या बहिणीनं सोनोग्राफीचा प्रत्येक रिपोर्ट देवापुढे ठेवून त्या दिवसापुरते आभार मानले. पुढच्या महिन्याची काळजी तिनं तिथं आणली नाही. तिला त्यानं झोप लागायची. तुम्हीही करून बघा.