सॅक्रम नुसतं पाठ करू नकोस, हातात घे

हे बघ, चित्रं बघून सॅक्रम (कण्याच्या तळाचं त्रिकोणी हाड) कळत नाही, बोन सेटमधलं (अभ्यासाच्या सुट्या हाडांमधलं) हातात घे आणि आधी नीट धर, रुंद बाजू वर, गुळगुळीत खोलगट बाजू पुढे, पण सरळ उभं नाही हां, वरचं टोक पुढे झुकलेलं पाहिजे, इथेच बरेच जण चुकतात. 5 मणके जुळून एक हाड झालंय, त्यांच्या मधल्या जागा 4, म्हणून फोरामेनच्या (नसांसाठीच्या छिद्रांच्या) जोड्या 4.

आता कडेने बोट फिरव, कानाच्या आकाराचा उंचसखल भाग लागेल, तोच इलियमला (कमरेच्या हाडाच्या वरच्या रुंद भागाला) बसतो, हा एसआय म्हणजे सॅक्रोइलियाक जॉइंट, हालचाल अगदी नावापुरती. खरी ताकद त्याच्या मागे, दोन्ही हाडांना बांधणाऱ्या इंटरऑसियस लिगामेंटमध्ये. वरून वजन आलं की सॅक्रमचं वरचं टोक पुढे-खाली जातं आणि खालचं मागे-वर उचललं जायला बघतं, ते सॅक्रोट्यूबरस आणि सॅक्रोस्पायनस ही लिगामेंटं अडवतात. ही दोन नुसती रटू नकोस प्लीज, पेल्व्हिसवर (कमरेच्या हाडांच्या सांगाड्यावर) सॅक्रमपासून दोन दोरे लाव, एक इश्चियल ट्यूबरॉसिटीपर्यंत (बसताना टेकतो तो हाडाचा उंचवटा), दुसरा इश्चियल स्पाइनपर्यंत (त्याच्या वरचं हाडाचं टोक), ग्रेटर आणि लेसर सायटिक फोरामेन, म्हणजे मोठं आणि लहान छिद्र, समोर तयार झालेले दिसतील, मग पिरिफॉर्मिस स्नायू आणि सायटिक नर्व्ह (पायात जाणारी जाड नस) कुठून बाहेर पडतात हे वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही.