एका दमात किती लेंथ?

प्रश्न : माझा मुलगा १२ वर्षांचा आहे, तीन वर्षं पोहायला टँकवर जातोय, यंदा स्टेटला सिलेक्ट झालाय. प्रॅक्टिस संपली की ही पोरं पैज लावतात, पाण्याखालून एका दमात कोण जास्त लांब जातो. आधी काठ धरून दहा-पंधरा वेळा भराभर श्वास घेतात आणि मग बुडी. मागच्या आठवड्यात घरी आल्यावर म्हणाला, आई डोळ्यासमोर अंधार आला होता. सरांना विचारलं तर म्हणाले याने दम वाढतो, काळजी करू नका. मी उगाच घाबरतेय का?
– एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, अजिबात उगाच नाही. हा खेळ आजच्या आज बंद करा. डोळ्यासमोर अंधार आला म्हणजे पोरगं शुद्ध हरपायच्या अगदी जवळ जाऊन परत आलंय.

आपल्याला वाटतं ऑक्सिजन कमी झाला की जीव घाबरा होतो आणि माणूस आपोआप वर येतो. पण श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो म्हणून. भराभर श्वास घेतले की तोच बाहेर फेकला जातो, ऑक्सिजन मात्र फारसा वाढत नाही कारण धडधाकट पोराच्या रक्तात तो आधीच जवळजवळ भरलेला असतो. मग काय होतं, पोरगं खाली पाय मारत राहतं, ऑक्सिजन संपत येतो, आणि आता वर चल असं सांगणारी शरीरातली घंटा वेळेवर वाजतच नाही, सरळ शुद्धच जाते. धडपड नाही, आवाज नाही, काठावरच्याला वाटतं अजून बुडीतच आहे. कमरेएवढ्या पाण्यातही हे होतं. आणि चांगल्या पोहणाऱ्यांनाच याचा धोका जास्त, कारण अजून थोडं ताणू ही जिद्द त्यांच्यातच असते, ते बिचारे तेच तर शिकलेले असतात.

आता दम वाढतो म्हणतात त्याबद्दल. फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायच्या रेसमध्ये स्टार्टनंतर आणि प्रत्येक टर्ननंतर १५ मीटरच्या आत डोकं पाण्याबाहेर यावंच लागतं, नाहीतर डिसक्वालिफाय. तुमच्याच कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१० च्या ग्वांगझू एशियन गेम्समध्ये ५० मीटर बटरफ्लायला ब्रॉन्झ आणलं, त्या रेसलाही हाच नियम. मग २५-५० मीटर एका दमात पाण्याखालून जाऊन मेडलच्या कामाचं काय मिळणार? डॉल्फिन किक, म्हणजे पाण्याखाली दोन्ही पाय जोडून मारायची लाथ, सुधारायची असेल तर सरांच्या नजरेसमोर, १५ मीटरच्या आत, प्रत्येक वेळी नीट दम खाऊन, आणि आधी ते भराभर श्वास घेणं अजिबात नको. सरांशी भांडू नका, पण हे सगळं त्यांना शांतपणे सांगा आणि बाकीच्या पालकांनाही सोबत घेऊन जा, एकट्या आईचं बोलणं बऱ्याचदा हसण्यावारी नेतात. प्रॅक्टिस संपली की शेवटचं पोर पाण्याबाहेर येईपर्यंत मोठं माणूस काठावर उभं हवं, हातात मोबाइल न घेता.

आणि हे घरातल्या सगळ्यांनी वाचा. पाण्याखाली कुणी हलत नसेल तर वाट बघायची नाही, लगेच बाहेर काढायचं. श्वास चालू नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचे, मग छाती दाबायची, आणि दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन लावायचा. उलटं धरणं, पोट दाबून पाणी काढणं हे आपल्याकडे अजून करतात, ते करू नका, त्यात लाखमोलाची मिनिटं जातात.

प्रश्न : मुलगी १५ वर्षांची, सकाळ-संध्याकाळ पोहण्याची प्रॅक्टिस. चार महिने पाळी आली नाही. सर म्हणतात वजन अजून दोन किलो कमी कर. घरी म्हणतात खेळणाऱ्या मुलींचं असंच असतं. डॉक्टरांकडे न्यावं का?
– एक बाबा, ठाणे

उत्तर : हो, याच आठवड्यात न्या. बाबांनी हे विचारलं याचं फार बरं वाटलं. कारणं बरीच असू शकतात, डॉक्टर तपासतीलच, पण दोन वेळ पोहणाऱ्या मुलीत बऱ्याचदा खाणं कमी आणि खर्च जास्त असं झालेलं असतं, मग शरीर पहिल्यांदा पाळी थांबवतं. याच वयात हाडं भरत असतात, ती कच्ची राहिली तर नंतर भरून निघणं कठीण. हिमोग्लोबिन आणि आयर्नही बघून घ्या. पहाटे रिकाम्या पोटी पाठवू नका, एक केळं आणि दोन खजूर तरी, आणि टँकवरून आल्या आल्या डबा, पोहे-अंडी, दूध, काय आवडेल ते पण पोटभर. वजनाचं सरांना स्पष्ट सांगा, की डॉक्टरांनी म्हटल्याशिवाय एक किलोसुद्धा कमी करायचा नाही आणि सगळ्यांसमोर तिला काट्यावर उभं करायचं नाही. स्टेट पुढच्या वर्षीही असते.