मैत्रिणीच्या घरगुती मसाल्यांसाठी लोगो करायचा आहे, सुरुवात कुठून करू?

आधी नाव तपासा. मसाले ट्रेडमार्कच्या वर्ग 30 मध्ये येतात. तेच नाव कुणी आधी घेतलंय का, ते आयपी इंडिया या ट्रेडमार्क नोंदवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं.

मग लोगो कुठे कुठे लागणार ते तिला विचारा: पाकिटावरचं स्टिकर, बिलबुकाचा शिक्का, व्हॉट्सॲपचा डीपी. शिक्क्याला एकच रंग आणि डीपी गोल कापला जातो, म्हणून पहिलं रेखाटन काळ्या-पांढऱ्यातच करा.

मिरची, खलबत्ता, चूल सगळं एकत्र कोंबू नका. माझ्या मते मसाल्याच्या पाकिटावर नाव ठळक असलं की पुरे. देवनागरीत खरी कसोटी जोडाक्षरांची. नाव दोन सेंटिमीटर रुंदीत छापून हातभर अंतरावरून वाचा. ‘लक्ष्मी’तला क्ष्म भरून नुसता काळा ठिपका दिसत असेल, तर अक्षरांची जाडी कमी करा. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे फॉन्ट मोफत आहेत, व्यवसायालाही चालतात.

फाइल वेक्टरमध्येच द्या, म्हणजे कितीही मोठी केली तरी ती धूसर होत नाही. आणि अक्षरं आउटलाइन करा, म्हणजे फॉन्टऐवजी नुसते आकार बनवा, नाहीतर प्रेसवाल्याकडे फॉन्ट नसला की वेलांट्या-मात्रा भलतीकडे जातात. आणि फेरबदल किती वेळा करून देणार, ते तिच्याशी आधीच बोलून घ्या. मैत्रीत हेच राहून जातं.